भागूचा अकरा ओळींचा अर्ज

भागू,

सावली गावच्या शाळेत तुझ्यासाठी शोकसभा ठेवली होती. हेडमास्तर म्हणाले, "गुरुजी, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच चार ओळी लिहून आणा." मी कागद घेतला, सवयीनं उभी घडी घालून डावीकडे समास सोडला आणि वर लिहून बसलो, 'विनंती अर्ज ऐसा जे'. लिहिल्यावर भानावर आलो. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. "भाऊ, आता कोनाले अर्ज करून राह्यला? यमाले?"

तो कागद मी फाडला. सभेत दुसरे लोक बोलले, चांगलं बोलले. कोणी तुला माउली म्हटलं, कोणी देवी. मला ते पटलं नाही. देवीला रोहू मासोळी फोडता येत नाही. देवी कंपाउंडरशी भांडत नाही. तू माझी पंधरा वर्षांनी धाकटी बहीण होतीस, मासोळी धरणाऱ्या ढिवराच्या घरची पोर होतीस, आणि गडचिरोलीपलीकडच्या जंगलातल्या दवाखान्यात नर्स होतीस. भादव्यात ताप आला, नदीचा पूर उतरेना, मी पोचलो तेव्हा तीन दिवस उशीर झाला होता. याहून जास्त त्या शेवटाबद्दल मला लिहायचं नाही.

मला तुला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक आठ वर्षांपूर्वीची, एक कालची. पहिली तुझ्या तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही.

तू सासरहून परत आलीस तेव्हा सतरा वर्षांची होतीस. जावई वैनगंगेत डोंगा उलटून गेले. आपल्यात पाट लागतो, बाईचं दुसरं घर होतं, त्यामुळे माय रडली तरी तिनं आशा सोडली नव्हती. वर्ष जाऊ दे म्हणाली, पोंभुर्ण्याकडं एखादा चांगला माणूस पाहू. तू म्हणालीस, "आधी मले सातवी करू दे." लग्नाआधी तुझी चौथी झाली होती. मग मी तुला पडवीत बसवून शिकवलं आणि तू सातवीची परीक्षा पास झालीस. तेवढं एक काम मी तुझ्यासाठी सरळ मनानं केलं.

मायच्या पायाला काटा लागून पाय सुजला, म्हणून तू तिला सावलीच्या दवाखान्यात घेऊन गेलीस, तिथून सगळं सुरू झालं. नागपूरहून एक नर्सबाई चार दिवसांसाठी आली होती. संध्याकाळी घरी येऊन तू मला काय सांगितलंस? मायच्या पायाचं काही नाही. "भाऊ, ती बाई पाटलाले म्हनली, तोंड उघडा. अन् पाटलानं उघडलं." तुझे डोळे असे काही चमकत होते, की मला भीतीच वाटली. आठ दिवसांनी तू विचारलंस, "नर्सच्या शाळेत जाले काय लागते?"

सातवी पास, वय अठरा पूर्ण, चालचलणुकीचा दाखला, पालकाची संमती आणि अर्ज. अर्ज म्हटल्यावर मी खूश झालो. पंचक्रोशीत माझ्याइतके अर्ज कोणी लिहिले नव्हते. बांबूसाठी जंगल खात्याला, तळ्याच्या हक्कासाठी तहसिलीत, कोणाचा बैल हरवला तरी लोक माझ्याच पडवीत यायचे. अर्ज कसा लिहायचा ते मला बापासारख्या एका जुन्या मुनशीनं शिकवलं होतं. अर्जात रडलं पाहिजे, तरच साहेबाचा हात हलतो. तुझा अर्ज मी चार पानी लिहिला. मायबाप सरकार. अभागी विधवा. आपल्या पायाची धूळ. पडेल ते काम करील. आणि धंद्याच्या पुढं मी लिहिलं, 'शेती'. तळं, जाळं, मासोळी यातलं काहीच लिहिलं नाही. नागपूरच्या लोकांना वास येईल असं वाटलं मला.

तू तो अर्ज दोनदा वाचलास आणि चुलीजवळून म्हणालीस, "भाऊ, हे वाचून ते मले पसाभर तांदूळ देतील. जागा नाई देनार."

"तुले काय समजते अर्जातलं?"

"मले भागू समजते. ह्याच्यात भागू कुठी हाये?"

मी रागावलो. माझ्या अक्षरावर गावात कोणी बोट ठेवलं नव्हतं. अर्ज तसाच गेला आणि महिनाभरात छापील कागद आला, की जागा देता येत नाही.

त्या दिवशी तू काय केलंस ते मायला अजून पुरतं आहे. कागद वाचलास, घडी करून कनवटीला लावलास, आणि खुंटीवरचं फाटकं जाळं काढून पडवीत बसलीस. हातभर जाळं विणून होईपर्यंत जेवली नाहीस. माय म्हणाली, "कागद आला नागपूरचा अन् ही बसली जाळ्याले." तू सुतळीची गाठ दातांनी ओढत म्हणालीस, "फाटलं म्हनून जाळं फेकते का कोनी, माय? जिथी फाटलं तिथी विनते." मग हात धुतलेस आणि दोन माणसांचा भात खाल्लास.

त्या वर्षी तू आठवड्यातून दोनदा दोन कोस चालत सावलीला गेलीस, पट्ट्या गुंडाळायला. कंपाउंडर दारातून ओरडायचा, "आली का सिव्हिल सर्जनबाई?" तू म्हणायचीस, "आली. तुमचं घड्याळ मागं हाये." त्याच्याकडून तू थर्मामीटर वाचायला शिकलीस. औषधांच्या बाटल्यांवरची इंग्रजी अक्षरं पाठ करून यायचीस आणि तळ्याच्या पाळीवर ओल्या गाळात काडीनं काढून पाहायचीस. बगळे त्यावरून चालत गेले, की पुन्हा काढायचीस. गावातल्या बायका तुला हसायच्या. धानाच्या रोवणीला गेलीस तरी ओठ हलत असायचे. शेजारणीनं विचारलं, "काय जपते वो, मंतर?" तू सांगितलंस, "हो. टिंचर आयोडीन."

आणि ती रोहू. जाळ्याच्या दोऱ्यानं, जाळ्याच्याच गाठीनं तू तिचं फाडलेलं पोट शिवलंस, एकसारखे नऊ टाके. मायनं ती सुपात उचलून पाहिली. "वाचली का वो ही?" तू म्हणालीस, "उशिरा आनली दवाखान्यात." आपण तिघं किती हसलो होतो. मी हसता हसता त्या टाक्यांकडं पाहत होतो. ते माझ्या अक्षराहून सुंदर होते. तेव्हा बोललो नाही, आज बोलतो.

दुसऱ्या वर्षीही अर्ज मीच लिहिला. चाराची दोन पानं केली, एवढीच तुझ्याशी तडजोड. सोबत दवाखान्याच्या डॉक्टरांचा दाखला होता, म्हणून मुलाखतीचं बोलावणं आलं. आपण मूल स्टेशनावरून छोट्या रेल्वेगाडीत बसून नागपूरला गेलो. तू मायचं हिरवं लुगडं नेसली होतीस. व्हरांडा मुलींनी भरला होता आणि जागा थोड्या होत्या. तुला आत बोलावलं, तू दहा मिनिटांनी बाहेर आलीस. चेहरा घामानं भिजलेला, पण हसरा. मग शिपायानं पालक म्हणून मला बोलावलं.

आता सांगतो, भागू.

मेट्रनबाई वयस्क होत्या, जाड चष्म्याच्या. त्यांनी मला बसा म्हटलं आणि एकच प्रश्न विचारला. "मास्तर, मुलगी मनापासून सोडताय ना? कित्येक घरचे लोक मधेच न्यायला येतात. त्यात तिचीही जागा जाते, अन् दुसरीचीही."

याचं उत्तर एका शब्दाचं होतं. मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "आता कसं सांगावं, बाई. माय म्हातारी आहे. पाटाचं बोलणंही चालू आहे. आपण ठेवून पाहा. नाही जमलं तर आम्ही आहोतच."

मी ते नम्रपणा म्हणून बोललो, असं पुढं किती वर्षं स्वतःला समजावलं. साहेबासमोर ठाम बोलू नये, हीच माझी शिकवण होती. पण ते पुरतं खरं नाही. पोंभुर्ण्याच्या माणसाला मी तुला न विचारता अर्धा शब्द देऊन बसलो होतो. आणि भीती होती. तू परक्या पुरुषांची अंगं पुसणार, कोणाचंही उष्टं उचलणार, लोक काय म्हणतील. त्याहून मोठी भीती अशी, की तू गेलीस तर परत येणारी बाई मला ओळखू येणार नाही. मला तू नापास व्हायला हवी होतीस. एवढं लिहायला मला आठ वर्षं लागली.

मेट्रनबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "बरं." मी बाहेर येऊन तुला सांगितलं, "जागा भरल्या म्हणे. पाहू." दार नुसतं लोटलेलं होतं, बंद नव्हतं. तू बाकावर दाराला लागूनच बसली होतीस. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. नंतर आलं आणि मग गेलं नाही.

येताना नागभीडला गाडी बराच वेळ थांबली. तू खाली उतरलीस, लोटा भरून आणलास आणि आधी मला दिलास. मी पाणी प्यालो. तू खिडकीबाहेर पाहत होतीस.

नकाराचा कागद आला तेव्हा तू मोठं जाळं काढलंस. ते विणायला तुला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत तू माझ्याशी बोललीस, पण कामापुरतं.

तिसऱ्या वर्षी मी समास सोडून कागद तयार ठेवला होता. तू म्हणालीस, "राहू दे, भाऊ. मी लिहिते." अकरा ओळींचा अर्ज. अक्षर वेडंवाकडं, ओळी खाली उतरलेल्या. मी तो पाकिटात घालताना वाचला. 'आमचा मासोळीचा धंदा आहे. मला रक्ताची आणि वासाची किळस येत नाही. माझे हात कापत नाहीत. थर्मामीटर वाचता येतो. दोन वेळा अर्ज केला, जागा मिळाली नाही. या वर्षी नाही मिळाली तर पुढच्या वर्षी पुन्हा करीन.' मायबाप नाही, पायाची धूळ नाही. मी म्हटलं, "असा अर्ज पाहून साहेब चिडते." तू म्हणालीस, "चिडू दे. पन वाचंन तर खरं."

बोलावणं आलं. मूलपर्यंत बैलगाडीनं गेलो. गाडी लागली तेव्हा मी आधी चढायला निघालो, तर तू माझ्या हातातली पिशवी घेतलीस. "तू इथूनच वापस जा, भाऊ. संमती लिहून देल्ली न? तेवढी पुरे. पुढं मी जाते." मी 'काऊन', का म्हणून, ते विचारलं नाही. विचारायचं धाडस नव्हतं.

आणि तू निवडली गेलीस. पोस्टमननं कार्ड मलाच दिलं, पण मी ते न वाचता तळ्यावर घेऊन आलो. तू गुडघाभर पाण्यात होतीस. ओल्या हातानं घेतलंस, वाचलंस आणि मायला हाक मारून म्हणालीस, "माय, आता जाळं तुलेच विनाव लागंन."

पुढचं सगळं गावाला माहीत आहे, पण एक माहीत नाही. तीन दिवस उशिरा तुझ्या दवाखान्याच्या गावी पोचलो तेव्हा मला एक गोंड म्हातारा भेटला. मोहफुलं वेचताना अस्वलानं त्याचा खांदा आणि पाठ फाडली होती. डॉक्टर दौऱ्यावर होते आणि अवकाळी पावसानं नाल्याला पूर होता. तू शिवलंस. त्यानं मला अंगरखा काढून पाठ दाखवली. भागू, मी ती गाठ ओळखली. आपल्या तळ्याची गाठ. एकसारखे टाके, कितीतरी. म्हातारा म्हणाला, डॉक्टरांनी परत आल्यावर विचारलं होतं, हे कोणत्या मोठ्या दवाखान्यात शिकलात? तू म्हणालीस म्हणे, "रोहूवर शिकले, साहेब." मी त्या पाठीला हात लावला आणि मला रडू आलं नाही. मला त्याला सांगायचं होतं, ही माझी बहीण. पण त्यानंच मला विचारलं, "तू बाईचा भाऊ का?" आयुष्यभर लोक तुला मास्तरची बहीण म्हणायचे. तिथं मी बाईचा भाऊ होतो, आणि मला ते आवडलं.

आपलं एक भांडण राहूनच गेलं. गेल्या दिवाळीत तू बांबूचा अर्ज माझ्या हातातून ओढलास. "अजून पायाची धूळच का रे? काढ ते." मी काढलं नाही. पुढं बांबू मंजूर झाला, तेव्हा मी तुला मुद्दाम पत्रानं कळवलं, 'पाह्य, झाला मंजूर.' तुझं उत्तर आलं, 'बांबू भेटला हे चांगलं झालं. पण अर्ज नेणारा माणूस वाकूनच गेला अन् वाकूनच आला.' सरकार रडल्याशिवाय हलत नाही, असं मला अजूनही वाटतं. पण गेल्या महिन्यात एकाचा अर्ज लिहिताना तो शब्द लिहिण्याआधी थांबलो, आणि मग लिहिलाच नाही. त्याचं काय होतं ते कळवायला आता तू नाहीस.

आता कालचं.

तळ्यापलीकडच्या लहानूची पोरगी अनसूया तुझ्या मागं मागं फिरायची. उन्हाळ्यात तू सुटीवर आलीस तेव्हा तिच्याकडून अर्ज लिहून घेतलास, तिचाच हात, तिचेच शब्द. मागच्या वर्षी तिला नकार आला होता. तुझी बातमी आल्यावर आठव्या दिवशी तिचं मुलाखतीचं बोलावणं आलं. ती कार्ड घेऊन पडवीत आली आणि खाली बसली. "मी नाई जात, गुरुजी. बाईच नाई राह्यली, तर आता कोनाच्या भरोशावर जाऊ?"

माय आतून उठली. तिला आता नीट दिसत नाही. चाचपडत खुंटीवरचं जाळं काढलं आणि पोरीच्या मांडीवर टाकलं. "इथी फाटलं हाये पाह्य." दोघी बराच वेळ विणत बसल्या. मग अनसूयेनं सुतळी दातानं तोडली, डोळे पुसले आणि म्हणाली, "कोनत्या गाडीनं जाव लागते, गुरुजी?"

लहानू नागपूरला जायला बिचकत होता. म्हणाला, "तुमीच जा सोबत, गुरुजी. मोठ्या मानसाशी बोलता येते तुमाले." मी हो म्हटलं. धोतर धुतलं, टोपी धुतली. सगळ्या वाटेनं एकच गोष्ट घोकत होतो. या खेपेला विचारतील तेव्हा एकच शब्द बोलायचा. मूलला पोचलो. गाडी लागली. मी चढायला निघालो, तर अनसूयेनं माझ्या हातातली पिशवी घेतली.

"गुरुजी, तुमी इथूनच वापस जा."

या खेपेला मात्र मी विचारलं, "काऊन?"

"बाईनं सांगतलं हाये. घरच्या मानसाले मूललेच सोडाचं. त्याले आपली माया असते म्हने, तो भेते. भेलेला मानूस आत जाऊन भलतंच बोलते."

"बाईला कसं माहीत?"

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, पिशवीचा बंद आवळत राहिली. "तिच्या घरच्या मानसानं तसं केलं होतं म्हने. ती दाराशीच बसली होती, तिनं आयकलं. मी इचारलं, कोन मानूस? तर म्हनली, नाव नोको इचारू. चांगला मानूस हाये. त्यानंच तं मले सातवी शिकोली."

म्हणजे तू ऐकलं होतंस, भागू. नागभीडला लोटा भरून आणलास तेव्हा तुला माहीत होतं. पाणी आधी मला दिलंस. मोठं जाळं चार दिवस विणलंस ते माहीत असताना. पहिल्या पगाराचं धोतर मला आणलंस, दर दिवाळीला मला ओवाळलंस, माझ्याशी भांडलीस, सगळं माहीत असताना. आणि ते कोणाला सांगितलंस, तर फक्त एका पोरीला, तिच्या उपयोगाचं म्हणून, माझं नाव वगळून. मी आठ वर्षं एकट्यानं उचललं असं समजत होतो ते ओझं तू दुसऱ्या बाजूनं धरलं होतंस. माफी मागायची होती. आता वाटतं, ती तू नागभीडलाच देऊन टाकली होतीस आणि ती पिऊनही मला कळली नव्हती.

अनसूया चढली. खिडकीशी बसून तिनं पदर सारखा केला आणि ओठ हलवायला लागली. काय जपत होती ते मला माहीत होतं. शिट्टी झाली, गाडी हलली. शेजारी मोळी टेकवून उभी असलेली एक म्हातारी गाडीकडं पाहत होती. तिनं मला विचारलं, "एवढी पोरगी, नागपूरले? एकटीच सोडली का, मास्तर?"

"सोडली," मी म्हणालो.